दगडाच्या पोटातला हिशेब

चेन्नईच्या वायव्येस अत्तिरमपक्कम नावाचे एक ठिकाण आहे. १८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना तेथे माणसाने घडवलेली दगडी हत्यारे सापडली. ती किती जुनी, याचे उत्तर मिळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. २०११ साली शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिले: निदान १० लाख, बहुधा १५ लाख वर्षे! आमची हयात राबणाऱ्या हातांच्या संघटनेत गेली. तेव्हा इतक्या जुन्या कारागिराचे वय कसे ठरवतात, हे समजून घेतल्यावाचून आम्हांला राहवले नाही.

त्यांच्या पुराव्यांपैकी एक असा. आकाशातून विश्वकिरणांचा मारा अखंड चालू असतो. उघड्यावरच्या गारेच्या दगडात त्यामुळे ऑक्सिजनपासून बेरिलियम-१० आणि सिलिकॉनपासून ॲल्युमिनियम-२६ तयार होते. समुद्रसपाटीला एक ग्रॅम गारेत बेरिलियम-१० चे वर्षाला जेमतेम चार अणू! ॲल्युमिनियमचे त्याच्या सुमारे सातपट. दगड मातीखाली खोल गाडला गेला की जमा थांबते, खर्च मात्र चालूच राहतो. ॲल्युमिनियम सुमारे ७ लाख वर्षांत निम्मे होते, बेरिलियमला जवळजवळ १४ लाख वर्षे लागतात. म्हणून दोहोंचे प्रमाण घटत जाते आणि त्या घटीवरून दगड केव्हा गाडला गेला ते कळते.

पण जमा खरोखर थांबते काय? नाही, आणि सारी मेख येथेच आहे. पृष्ठभागावरचे बहुतेक काम न्यूट्रॉन करतात. दर ६० सेंटिमीटर खडकागणिक त्यांचा मारा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. तीन मीटरवर शंभरातला एकही उरत नाही. त्याखाली राज्य म्यूऑनचे. हा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २०७ पट जड. आपल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातो. अणुगर्भाशी तो क्वचितच झटतो, म्हणूनच खोलवर पोचतो. तेथे तो दोन रीतींनी काम करतो. वेग संपून थांबलेला ऋण म्यूऑन अणुगर्भात ओढला जातो आणि त्या गर्भाचे रूप पालटतो. वेगवान म्यूऑन वाटेतच एखादा गर्भ फोडतो.

ही जमा नगण्य म्हणून सोडून द्यावी काय? लाखो वर्षांत ती साचते. ती वजा केली नाही, तर ॲल्युमिनियमचे प्रमाण फुगलेले दिसते आणि दगड आहे त्यापेक्षा तरुण ठरतो. म्हणजे कारागिराच्या वयातून वर्षे कापली जातात!

म्हणून शास्त्रज्ञ हिशेब मांडतात. वरून किती म्यूऑन आले, एका खोलीवर किती पोचले, त्याखाली किती उरले; वजाबाकीने मधल्या थरात किती थांबले ते निघते. त्यांतले ऋण किती, आणि शेकडा कितींनी नवा अणू घडवला, हे पुढचे प्रश्न. खोलीनुसार मोजणी खाणींत झाली. त्यांत कोलारच्या सोन्याच्या खाणीचा मान मोठा. खाणकामगार ज्या वाटेने उतरत, त्याच वाटेने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उपकरणे उतरली. सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर दोन महिन्यांत एकही म्यूऑन सापडला नाही! ती खाण २००१ साली बंद पडली. मोजणी मात्र टिकून आहे.

अणू घडण्याचे प्रमाण प्रयोगशाळेत काढले गेले. हायझिंगर आणि सहकाऱ्यांनी ते २००२ साली प्रसिद्ध केले. पुढे खऱ्या खडकांशी ताळा घेतला, तेव्हा बेरिलियमचा कागदावरचा आकडा बराच जास्त निघाला. २०१७ साली ग्रेग बाल्को यांनी अंटार्क्टिकातील बीकन हाइट्स येथून खोल छिद्र पाडून काढलेल्या वालुकाश्माच्या मोजणीशी हिशेब जुळवून आकडे दुरुस्त केले. कागदाने सांगितले तरी दगडाची साक्ष अखेरची मानली गेली.

पगारपत्रक तपासताना आम्हीही हेच शिकलो: रोजचा एक पैसा क्षुल्लक वाटतो, तोच वर्षाअखेर कामगाराच्या ताटातली भाकरी ठरतो. अत्तिरमपक्कमच्या त्या अनाम कारागिराने हजेरीपट ठेवला नाही. त्याची नोंद दगडाच्या पोटात आहे. ती वाचायची तर खोलवरच्या त्या थोड्याशा जमेचाही चोख हिशेब हवा. एवढे त्याचे आपल्यावर ऋण आहे.