हाताला कसब, कसबाला कागद

रायगडच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्याची विद्या बापाकडून मुलाकडे येई. तिला प्रमाणपत्र लागत नसे. इस्रायलात आल्यावर मात्र हाती कसब असूनही कागद नसल्याची अडचण आपल्यातील अनेक कुटुंबांनी सोसली. म्हणूनच ही दोन्ही एकत्र देणारी जर्मनीतील पद्धत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

तेथे शिकाऊ उमेदवार आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. हे शिक्षण बहुधा दोन ते साडेतीन वर्षे चालते. मान्यताप्राप्त व्यवसाय सुमारे ३२५ आहेत. प्रत्येकाचा अभ्यासक्रम मालक, कामगार संघटना व सरकार मिळून ठरवितात. १९६९ च्या व्यावसायिक शिक्षण कायद्याचा त्यास आधार आहे. परीक्षा उद्योग किंवा कारागीर मंडळ घेते आणि तिचे प्रमाणपत्र देशभर चालते.

खर्चाची वाटणीही ठरलेली आहे. उमेदवाराचे विद्यावेतन मालक देतो. २०२० मध्ये कायद्याने पहिल्या वर्षासाठी महिना किमान ५१५ युरो ठरविले, ते २०२५ मध्ये ६८२ झाले. सरकारी व्यवसायशाळांचा भार राज्य सरकारे वाहतात. ज्या लहान कारखान्यात सर्व यंत्रे नसतात, तो शेजारच्या कारखान्याशी भागीदारी करून आपला उमेदवार काही काळ तेथे पाठवितो. अनेक कारखान्यांसाठी उभारलेल्या सामाईक प्रशिक्षण केंद्रांना केंद्र सरकार अनुदान देते.

महामारीच्या काळात, २०२० साली, उमेदवारांच्या जागा कमी न करणाऱ्या लहान व मध्यम उद्योगांना सरकारने प्रत्येक नव्या करारामागे २,००० युरो दिले. जागा वाढविणाऱ्यांना वाढीव जागेमागे ३,००० युरो मिळाले. पुढील वर्षी या रकमा दुप्पट झाल्या.

तथापि सर्वच गोड आहे असे नव्हे. जर्मनीतील पाच उद्योगांपैकी सुमारे एकच उमेदवार घेतो. मालकाने दार उघडले नाही तर मुलगा बाहेरच राहतो. म्हणूनच ऑगस्ट २०२४ पासून, प्रयत्न करूनही जागा न मिळालेल्या तरुणांसाठी, जेथे जागांचा तुटवडा आहे तेथे कारखान्याबाहेर शिकण्याचा हक्क देण्यात आला.

त्याच जर्मन भूमीवर, महायुद्धानंतर, लांड्सबर्ग व बेर्गेन-बेल्सन येथील छावण्यांत ‘ओर्ट’ संस्थेने वाचलेल्या यहुदी तरुणांना व्यवसाय शिकविले. त्याच ओर्टचे मुंबईतील वर्ग आपल्या अनेक वाचकांना आठवत असतील. सर्वस्व गमावलेल्या माणसास पुन्हा उभे करण्याचे सामर्थ्य हुन्नरात आहे, हे त्या छावण्यांनी दाखविले.

मुलास हुन्नर शिकविणे हे बापाचे कर्तव्य होय, असे आपले धर्मगुरू सांगत आले आहेत. हे कर्तव्य एकट्या बापाच्या खांद्यावर न टाकता मालक, शाळा व सरकार यांनी वाटून घ्यावे, हा जर्मनीचा धडा आहे. मुलगा वा मुलगी कारखान्याची वाट धरू म्हणेल, तेव्हा तिला कमी लेखू नये. मात्र कामाबरोबर प्रमाणपत्र मिळेल ना, एवढे आधी विचारून घ्यावे, अशी आमची पालकांना विनंती आहे.