रात्रपाळीचा डॉक्टर पडद्यावर

यंत्रमागाच्या कारखान्यात एक कारीगर चार-सहा माग एकटा सांभाळतो. धागा तुटला की तिकडे धावतो. रुग्णालयाच्या आयसीयूत, म्हणजे अतिदक्षता विभागात, असा कारीगर मिळणे हीच मोठी अडचण आहे. यंत्रे हप्त्याने मिळतात. रात्री तीन वाजता खाटेजवळ उभा राहणारा तज्ज्ञ पैसे मोजूनही मिळत नाही. आमच्या थोरल्या भाईजानना असेच एकदा रात्री एका छोट्या रुग्णालयात दाखल केले, तेव्हा मोठे डॉक्टर सकाळी दहाला येतील असे सांगण्यात आले. ती रात्र कशी काढली ते आम्हीच जाणतो.

अमेरिकेत ब्रायन रोझेनफेल्ड व मायकेल ब्रेस्लो या बाल्टिमोरच्या दोन डॉक्टरांनी याच अडचणीतून धंदा उभा केला. 1998 साली त्यांनी 'व्हिसिक्यू' ही कंपनी काढली. 2000 साली व्हर्जिनियातील नॉरफोकच्या सेंटारा या रुग्णालय-समूहाने त्यांची व्यवस्था प्रथम घेतली. खाटेजवळच्या यंत्रांवरील नाडीचे, रक्तदाबाचे, प्राणवायूचे आकडे दूरच्या एका खोलीत पोचतात. तिथले डॉक्टर व नर्स एकाच वेळी अनेक आयसीयूंवर नजर ठेवतात, कॅमेऱ्याने रुग्णाला पाहतात, खाटेजवळच्या नर्सला सूचना देतात. नळी घालायची तर हात मात्र तिथलेच लागतात. 2008 साली फिलिप्सने ही कंपनी विकत घेतली.

अटलांटाच्या एमरी रुग्णालय-समूहाने 2016 साली आणखी एक शक्कल लढविली. आपलेच डॉक्टर व नर्स ऑस्ट्रेलियात सिडनीला नेऊन बसविले. अटलांटात रात्र, तेव्हा सिडनीत दिवस. रुग्णांची रात्र, पण डॉक्टर दिवसपाळीवर, ताजेतवाने! सौदा म्हणून मला हा फार आवडला.

नफ्याचे काय? अमेरिकेत विमा कंपन्या सहसा याचे वेगळे पैसे देत नाहीत. खाट लवकर मोकळी झाली तर त्यातूनच खर्च निघायचा. मॅसॅच्युसेट्समधील एका मोठ्या रुग्णालयाचे आकडे 2011 साली प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण 13.6 टक्क्यांवरून 11.8 वर आले, रुग्णालयातील मुक्काम सरासरी 13.3 दिवसांवरून 9.8 वर. अर्थात त्याच वेळी उपचारांची शिस्तही कडक केली होती, तेव्हा सारे श्रेय पडद्याला देणे हा कच्चा हिशेब होईल.

आपल्याकडे 2020 च्या कोरोना साथीत भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात टेली-आयसीयू सुरू झाला. भिवंडीकराला वीज गेल्यावर माग कसे उभे राहतात ते सांगायला नको. म्हणून अशी व्यवस्था घेणाऱ्या रुग्णालयाने कॅमेऱ्याचा भाव विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: लाइन बंद पडली तर पर्याय काय, आणि पडद्यावरून आलेला हुकूम अमलात आणायला रात्री खाटेजवळ किती नर्स असतील?