सरमेची हकीकत

कुत्र्याचा विषय सर्व कुटुंबानें वाचावयाच्या मासिकांत काढतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. आमच्यासारख्या घरांत कुत्र्याची मजल फार तर ओटीच्या खालच्या पायरीपर्यंत. वैश्वदेवाच्या वेळीं श्वानाकरितां घांस काढून ठेवावा असें मनूनें सांगितलें खरें, पण तोही जमिनीवर आणि हळूच ठेवावा अशी पुस्ती जोडली. त्याला उचलून माजघरांत आणण्याची गोष्ट कोणाही स्मृतिकाराच्या मनांत आली नसावी. आमच्या बारामतीच्या घरांत लहानमोठीं चौदा माणसें. वडील वहिनींचें वय ऐंशीच्या पुढें, आणि त्यांचें सोंवळें अजून कडक. अशा घरांत २०२२ सालीं एक कुत्री आली व अकरा महिने राहून गेली. तिची हकीकत सांगावयाची म्हणजे आमच्या चुकांपासूनच आरंभ करावा लागतो.

त्या वर्षीं वैशाखांत धाकट्या नातवाची मुंज झाली. भिक्षावळीच्या पैशांतून सायकल नको, कुत्र्याचें पिलूं हवें, असा त्यानें हट्ट धरला. पुतण्यानें मोबाइलवर चौकशी केली. बारामतीहून इंदापूरकडे जातांना, रस्त्यापासून बरेंच आंत, एका शेडवर लॅब्रॅडॉर जातीचीं पिलें मिळतात असें कळलें, आणि नऊ हजार रुपये मोजून एक पिवळसर पिलूं घरीं आलें. दीड महिन्याचें आहे असें विकणारानें फोनवर सांगितलें होतें. आम्हीं तीस-बत्तीस वर्षें मुलांच्या जन्मतारखा दाखल्यांशीं ताडून हजेरीपटावर लिहिल्या. पण या पिलाची आई पाहावी, लस टोंचल्याचा कागद मागावा, हें आम्हांपैकीं एकालाही सुचलें नाहीं. सातव्या दिवशीं त्यानें दूध टाकलें. मग ओकाऱ्या, आणि मागोमाग रक्ताचे जुलाब. पशुवैद्यांनीं त्याचें तोंड उघडून पाहिलें व म्हणाले, "सर, हे जेमतेम महिन्याचं आहे. दात बघा ना." रोगाचें नांव पार्व्हो. न टोंचलेल्या पिलांत तो झपाट्यानें पसरतो, आणि त्याचा विषाणु जमिनींत कित्येक महिने टिकून राहतो. नवव्या दिवशीं पिलूं गेलें. नातवानें त्याला परसांत पारिजातकाखालीं पुरलें आणि दोन दिवस तो आमच्याशीं बोलला नाहीं.

खरें सांगावयाचें तर आम्ही त्या शेडवर गेलों ते पैसे परत मागावयास. भूतदया वगैरे कांहीं मनांत नव्हती.

शेडचा मालक बाहेर आला आणि आमच्या पायां पडला. तो आमचाच विद्यार्थी निघाला. तीन वर्षें त्याला आम्हीं संस्कृत शिकविलें होतें; शब्दरूपें कच्चीं, पण पाठांतर चांगलें. त्याचें नांव येथें देत नाहीं. शेड कोंबड्यांची होती. २०२० सालच्या आरंभीं कोंबडीच्या मांसानें करोना होतो अशी अफवा पसरली आणि कोंबडीचे भाव मातीमोल झाले, हें वाचकांस आठवत असेल. आपल्या जिल्ह्यांत अनेक कोंबडीवाले त्या वेळीं बुडाले. ह्याचें शेडचें कर्ज तसेंच राहिलें. पुढें टाळेबंदीच्या काळांत शहरांतील घरोघरच्या माणसांस कुत्रीं पाळण्याची हौस उत्पन्न झाली, आणि ह्यानें कोंबड्यांच्या जाळ्यांत कुत्र्या बांधल्या. अडचणींतून काढलेली वाट म्हणून प्रथम ऐकतांना आम्हांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. "सर, दुसरं पिल्लू न्या, पैसे देऊ नका," असेंही तो म्हणाला.

आम्हीं विचारलें, "त्याची आई कोठें आहे?"

त्यानें आंत नेलें. पत्र्याचें छप्पर, ज्येष्ठाचें ऊन, खालीं भाताचें जुनें तूस आणि त्यावर महिन्यामहिन्यांची घाण. साखळ्यांना सात कुत्र्या. एक अल्सेशियन, दोन लहान पग, बाकी लॅब्रॅडॉर; एक बर्फाळ मुलखांतली हस्की पंख्यासमोर जीभ काढून पडली होती. पगचें नाक माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवडून इतकें आंखूड केलें आहे कीं उन्हांत त्याला धड श्वास घेतां येत नाहीं. २००३ सालीं एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींत तें मुलाच्या मागें मागें धांवतांना दिसलें, आणि लोकांस वाटलें कीं आपल्याही मुलामागें असें कांहींतरी धांवावें. नाकाचा विचार कोणी केला नाहीं.

आमच्या पिलाची आई शेवटच्या खांबाशीं होती. लॅब्रॅडॉर मादीचें वजन साधारणतः पंचवीस ते तीस किलो असावें. हिच्या बरगड्या मोजतां येत होत्या. सड लोंबत होते. नखें वाढून आंत वळलीं होतीं. गळ्यांतील नायलॉनची दोरी कातड्यांत रुतली होती आणि भोंवतीं माशा घोंगावत होत्या. आम्ही जवळ गेलों तेव्हां ती भुंकली नाहीं, गुरगुरली नाहीं, उठलीही नाहीं. फक्त भिंतीकडे तोंड केलें. शाळेंत फार मार खाल्लेलें मूल असें करितें. तें आम्हीं पाहिलेलें आहे. आमच्या हातच्या छडीनेंही कधीं काळीं पाहिलेलें आहे.

"हिला आता गाभ राहत नाही, सर. रानात सोडणारच होतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजांत क्रूरपणा नव्हता. बैल थकला असें सांगावें तसें तें होतें. पैशांची गोष्ट काढावयाची राहूनच गेली. पुतण्यानें गाडींत गोणपाट अंथरलें आणि तिला आम्हीं घरीं आणलें.

येथें कायद्याविषयीं थोडें सांगणें जरूर आहे, कारण पिलूं घेण्यापूर्वीं तें आम्हांसही ठाऊक नव्हतें. प्राण्यांना क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा, राज्यसभेंत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं तो विषय लावून धरल्यानंतर, १९६० सालीं झाला. जनावरास पुरेसें अन्न, पाणी, निवारा न देणें, अवाजवी वेळ आंखूड साखळीनें बांधून ठेवणें, हे त्यांत गुन्हे आहेत. त्याच कायद्याखालीं २०१७ सालीं कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीं नियम झाले. पैदास करणारानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला फळवूं नये. वर्षांत एकाहून अधिक वेत घेऊं नये, जन्मांत पांचांहून अधिक घेऊं नयेत. आठ आठवड्यांच्या आंत पिलूं विकूं नये. नियम उत्तम आहेत. परंतु मूळ कायद्यांत पहिल्या गुन्ह्यास दंड किती? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० सालीं पन्नास रुपयांस कांहीं किंमत होती. आज एका पिलाचे नऊ हजार येतात.

पशुवैद्यांनीं दोरी कापून काढली. गोचिडांमुळें येणारा ताप होताच. शिवाय गर्भाशयांत पू झाला होता. वारंवार विणाऱ्या मादीस पुढें असें होतें काय, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, मोठ्या वयाच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या कोणत्याही मादीस होऊं शकतें, पण वेळीं दाखविलें तर जीव वांचतो. हिला कोणी दाखविलेंच नव्हतें. गर्भाशय काढावें लागलें. जो खर्च आला त्याचा आंकडा घरांत अजून कोणी मोठ्यानें उच्चारीत नाहीं.

नांव आम्हीं ठेविलें. महाभारताच्या आरंभीं, पौष्यपर्वांत, देवांच्या कुत्रीची, सरमेची, गोष्ट आहे. जनमेजय कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां तिचें पोर तेथें आलें, आणि राजाच्या तिघां भावांनीं त्याला मारलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नव्हतें, चाटलेंही नव्हतें. सरमा त्या सत्रांत जाऊन विचारती झाली कीं, माझ्या निरपराध मुलास कां मारलें? कोणीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां, न दिसणारें भय तुम्हांवर येईल, असा शाप देऊन ती निघून गेली. मोरोपंतांनीं ज्या गांवीं राहून भारत आर्यांत आणलें त्या गांवीं ही कथा आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल! सांगतांना लक्ष असे तें रूपांवर व संधींवर. ती तक्रार करावयास आलेली आई आहे, हें ध्यानीं यावयास आमच्या ओटीवर एक कुत्री निजावी लागली.

पहिले कित्येक दिवस सरमा फरशीवर पाऊल टाकीत नसे. तुसावर वाढलेली ती, गुळगुळीत शहाबादी फरशीची तिला धास्ती. पाणी प्यावयाचें तें कोणी पाहत नसतांना. कुकरची शिटी झाली कीं पलंगाखालीं जाऊन मुतावयाची. भुंकणें तर नाहींच. एके दिवशीं घरांतील मुलांच्या चपला नाहींशा झाल्या. शोधतां शोधतां सूनबाईंना त्या जिन्याखालीं सांपडल्या. सात चपला एके ठिकाणीं जमवून सरमा त्यांच्या भोंवतीं वेटोळें करून पडली होती, आणि एकेक चाटीत होती. सूनबाई चपला न घेतां परत आल्या. त्या दिवशीं मुलें अनवाणी खेळलीं.

वहिनींनीं पहिल्याच दिवशीं सांगून टाकलें होतें, "भावोजी, ओटीच्या आत नाही हं." तो नियम त्यांनीं अखेरपर्यंत मोडला नाहीं, व आम्हींही मोडूं दिला नाहीं. फरक इतकाच झाला कीं सोंवळ्यांत असतांना त्या जो घांस काढून ठेवीत, तो पूर्वीं पायरीवर ठेवून वळत. पुढें पुढें ठेवून तेथेंच दोन घटका उभ्या राहूं लागल्या.

शेडविषयीं आम्हीं रीतसर लेखी तक्रार केली. ती करण्यापूर्वीं आठ दिवस झोंप आली नाहीं, कारण विद्यार्थी आमचा आणि कर्ज खरें. तक्रारीचा सुगावा लागतांच त्याची आई येऊन आमच्या ओटीवर बसली. सरमा त्या वेळीं कोपऱ्यांत होती. ती माउली रडली. आम्हीं चहा दिला, तक्रार मागें घेतली नाहीं. चौकशीस माणसें गेलीं तोंवर शेड रिकामी होती. बाकीच्या सहा कुत्र्या कोठें गेल्या, याचा पत्ता आम्हांस आजवर लागलेला नाहीं. तक्रार लिहिण्याआधीं त्या सहांची सोय लावावयास हवी होती, असें आतां वाटतें. पुण्यांत अशा जनावरांस आश्रय देणाऱ्या संस्था आहेत. आम्हीं विचारलें असतें तर कांहींतरी वाट निघती. आम्हीं अर्जाच्या भाषेवरच चार दिवस घालविले.

विकावयास निरुपयोगी झालेलीं कुत्रीं माळावर सोडून देणें हा प्रकार आपल्या भागांत वाढला आहे, आणि त्याचा त्रास कुत्र्यांपुरता राहत नाहीं. इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीकडे गवताळ रान आहे. तेथें चिंकारा आहेत, लांडगे आहेत. मोकाट कुत्रीं चिंकाऱ्याच्या मागें लागतात, आपले रोग लांडग्यांना देतात, त्यांच्याशीं संकरही करितात. पुणें जिल्ह्यांत असा संकर झाल्याचें २०२३ सालीं जनुकांच्या तपासणीनें सिद्ध झालें. धनगर आपल्या कळपाबरोबर कुत्रीं बाळगतात तीं वेगळीं. त्यांना मालक आहे, काम आहे. आणि जातिवंत कुत्र्याचीच हौस असेल तर आपल्या दक्षिणेकडील कारवानी काय वाईट आहे? तिलाच मुधोळ म्हणतात. २००५ सालीं तिचें चित्र टपालाच्या तिकिटावर आलें. तिला आपलें ऊन तरी सोसतें. पण तिचीही पैदास साखळीवर होऊं लागली तर इतकें बोलून उपयोग नाहीं.

अकरा महिन्यांनीं सरमेची जखम भरली, वजन सव्वीस किलो झालें. भीति मात्र गेली नाहीं. चौदा माणसें, कुकर, मिक्सर, दाराची घंटा, दिवाळीचे फटाके! फटाक्यांच्या चार रात्रीं ती न्हाणीघरांत थरथरत होती आणि नातू तिच्याजवळ बसून होता. पशुवैद्य म्हणाले, हिला शांत घर हवें. आम्हांस तो आपल्या घराचा अपमान वाटला. वहिनी म्हणाल्या, "त्यात काय भावोजी, मुलगी आपल्याच घरी ठेवतो का आपण? जिथे तिचं बरं होईल तिथे द्यायची."

स्थळ पाहण्यास मुलीच्या वेळीं लागले नव्हते इतके खेटे पडले. एका गृहस्थांस ती "राखणीला" हवी होती; दुसऱ्यांनीं पहिलाच प्रश्न केला कीं पिलें होतील ना. अखेर भिगवणच्या बाजूस, उजनीच्या पाण्याजवळ, एक निवृत्त पोस्टमास्तर व त्यांच्या पत्नी मिळाल्या. मुलें परदेशीं, घर शेतांत, भोंवतीं कुंपण. आम्हीं तीन वेळां जाऊन आलों. दोन वेळां सरमेस बरोबर नेलें. दर वर्षीं रेबीजची लस टोंचावी, रात्रीं बाहेर बांधूं नये, रानांत मोकळी सोडूं नये, नको झाली तर आमच्याकडेच परत द्यावी, असें एका कागदावर लिहून दोघांनीं सह्या केल्या. पोस्टमास्तरांनीं आपली सही करून खालीं तारीख घातली आणि सवयीनें शिक्का शोधूं लागले, तेव्हां जरा हंसूं आलें. नातवानें आपल्या चपलांचा एक जोड तिच्या गोणपाटाबरोबर दिला. येतांना गाडींत कोणी बोललें नाहीं.

त्या माघांत, रोहित पक्षी पाण्यावर उतरले असतां, आम्ही सारे तिला पाहावयास गेलों. फाटकाची कडी वाजविली. आंतून सरमा धांवत आली, कुंपणापाशीं थबकली, आमच्याकडे पाहिलें, आणि भुंकूं लागली. अकरा महिन्यांत जो आवाज आम्हीं एकदांही ऐकला नव्हता तो मोठा, खणखणीत निघाला. बाईसाहेब पदराला हात पुसत बाहेर आल्या व ओशाळून म्हणाल्या, "अहो सर, माफ करा हं, ही कुणालाच आत येऊ देत नाही."