घरपट्टीची आकारणी कशी होते?

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात घरपट्टीस महत्त्वाचे स्थान आहे. दिवाबत्ती, गटारे व रस्ते यांसाठी गावाच्या हक्काचा असा हा पैसा होय. तथापि आपली घरपट्टी अमुक इतकीच का, असे विचारले असता पुष्कळांना उत्तर देता येत नाही. वस्तुतः हा हिशेब कठीण नाही.

सन १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ अन्वये पंचायतीस हा कर बसविता येतो. शेतसारा भरणाऱ्या जमिनीस तो लागू नाही. परंतु अशा जमिनीवर बांधलेल्या घरास लागू होतो. ३१ डिसेंबर २०१५ रोजी नियमांत सुधारणा झाली व तेव्हापासून भांडवली मूल्यावर आकारणी करण्याची पद्धत आली.

भांडवली मूल्य काढताना प्रथम जागेचे क्षेत्रफळ व वार्षिक मूल्यदर तक्त्यातील जमिनीचा दर यांचा गुणाकार करतात. नंतर बांधकामाचे क्षेत्रफळ त्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या दराने गुणून, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करतात. दोहोंच्या बेरजेस वापराचा भारांक लावतात. दुकान वा कारखाना असल्यास हा भारांक राहत्या घराहून अधिक असतो. शेवटी दर हजार रुपये मूल्यामागे पंचायतीने ठरविलेला दर लावला जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जागा ६० चौरस मीटर, दर ३०० रुपये. म्हणजे जमिनीचे मूल्य १८,००० रुपये. बांधकाम ५० चौरस मीटर, दर १०,००० रुपये; म्हणजे ५,००,००० रुपये. घर जुने असल्याने घसारा वजा जाता ६० टक्के, म्हणजे ३,००,००० रुपये उरतात. भारांक १ धरल्यास एकूण भांडवली मूल्य ३,१८,००० रुपये होते. हजारी १ रुपया दराने कर ३१८ रुपये येतो. आता घराचे वय नोंदविण्याचे राहून गेले व घसारा मिळालाच नाही, तर हाच कर ५१८ रुपये होईल. आकारणी दर चार वर्षांनी होत असल्याने त्या एका चुकीपायी ८०० रुपये अधिक जातील.

म्हणून क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय व वापर या चार नोंदी प्रत्येकाने अवश्य पाहाव्यात. त्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत असतात. कराची मागणी नमुना ९ मध्ये असते. नमुना ८ हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ज्या गावठाणाचे ड्रोनद्वारे भूमापन होऊन मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत, तेथे जागेचे क्षेत्रफळ पत्रिकेशी ताडून पाहणे सोपे झाले आहे.

नोंद चुकीची आढळल्यास नोटिशीतील मुदतीत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. पंचायतीच्या आकारणीने समाधान न झाल्यास पंचायत समितीकडे, व त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आकारणीच्या वेळी घरोघर जाऊन मालकासमक्ष मोजणी करावी आणि यादी चावडीवर वाचून दाखवावी. गरिबाच्या जुन्या घरास घसारा न देणे जसे अन्यायाचे, तसेच नवा मजला वा दुकान नोंदीबाहेर ठेवणेही अन्यायाचेच. कारण त्याचा बोजा अखेर शेजाऱ्यांवर पडतो. नोंदी खऱ्या असल्या म्हणजे कर मागणाऱ्यास संकोच राहत नाही व भरणाऱ्यास शंका उरत नाही.