देशी वृक्षांची रोपवाटिका व लोकशिक्षण

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. कडुनिंब, बाभूळ, हिवर, बोर हे येथील उन्हाळ्यात तग धरणारे वृक्ष होत. चादरी व टॉवेलांच्या कारखान्यांसाठी परिचित असलेल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मोकळ्या जागेत किंवा गावठाणात लागवड करावयाची असल्यास याच जातींची रोपे तयार करणे हितावह आहे.

निंबोळीची उगवणशक्ती लवकर नष्ट होते. म्हणून जून-जुलैमध्ये पिकलेली फळे वेचून, गर धुऊन बी सावलीत सुकवावे व दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरावे. बाभळीच्या बियांचे कवच कठीण असते. पाणी उकळून विस्तवावरून खाली उतरवावे, त्यात बी टाकावे व चोवीस तास भिजू द्यावे. शेळ्यांच्या वाड्यात पडलेले बीही चांगले उगवते.

पिशव्यांची जागा अधूनमधून बदलावी, म्हणजे मुळे खालच्या जमिनीत शिरत नाहीत. लागवडीपूर्वी महिनाभर पाणी हळूहळू कमी करून रोप काटक करावे.

ही माहिती केवळ व्याख्यानाने पटत नाही. ग्रामसेवकांनी शाळेतील मुलांकडून ताजी व वर्षभर जुनी निंबोळी शेजारच्या दोन वाफ्यांत पेरून घ्यावी. उगवणीतील फरक मुले व पालक स्वतःच पाहतील.

झाड कोठे लावू नये, हेही शिकवावे. नान्नज येथे १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. या पक्ष्याला उघडे गवती माळ लागतात. झाडांची दाटी त्यास मानवत नाही. असे माळ राखणे हेही देशी वनस्पतींचे संरक्षणच होय.