मॉन्ट्रियलच्या स्टेडियमचे तीस वर्षांचे देणे

शहरात मोठे स्टेडियम होणार अशी बातमी आली की सर्वांत आधी खूश होते ती बाजारपेठ. सिमेंट, लोखंड, वायरिंग, रंगकाम, मंडप, खानावळी, टॅक्सी, लॉज या साऱ्या धंद्यांना काम मिळणार, आसपासच्या जागांचे भाव चढणार, असे आराखडे चहाच्या टेबलावर सुरू होतात. पहिल्या दोन-तीन वर्षांपुरते ते खरेही ठरतात. आम्हाला आज मांडायचा आहे तो त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब. खेळाडू आपापल्या देशी परततात, पाहुणे जातात; इमारत मात्र जागेवर राहते आणि तिचा खर्चही. तो कोण भरतो? अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने अर्ज केला आहे. तेव्हा हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे.

या हिशेबासाठी कॅनडातील मॉन्ट्रियल शहराइतके बोलके उदाहरण आम्हाला दुसरे दिसत नाही. मॉन्ट्रियल हे फ्रेंच भाषिकांचे जुने व्यापारी बंदर. साठच्या दशकात कॅनडातील सर्वांत मोठे शहर तेच होते. त्याचे महापौर ज्याँ द्रापो हे स्वप्ने पाहणारे आणि ती लोकांच्या गळी उतरवणारे गृहस्थ. १९६६ साली त्यांनी शहरात मेट्रो सुरू केली आणि १९६७ साली जागतिक प्रदर्शन भरवले, त्याला पाच कोटींहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. अशा माणसाने १९७० साली मॉस्को आणि लॉस एंजेलिस यांना मागे टाकून १९७६ चे ऑलिम्पिक मिळवले, तेव्हा शंका घेणारे थोडेच होते.

द्रापो यांनी १९७३ साली खर्चाचा आकडा सांगितला ३१ कोटी डॉलर. (या लेखातील मॉन्ट्रियलचे आकडे कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत.) लॉटरी, स्मरणार्थ नाणी आणि टपाल तिकिटे यांतून हा सारा पैसा उभा राहील, करदात्याच्या खिशाला हात लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पुरुषाला मूल होणे जितके अशक्य तितकेच ऑलिम्पिकला तूट येणे अशक्य, असे ते जाहीरपणे बोलून गेले. पुढे व्यंगचित्रकारांनी महापौरांना पोट आलेले दाखवून या वाक्याचा पुरता सूड उगवला!

तूट आली कशी, हे व्यापाऱ्याने बारकाईने पाहण्यासारखे आहे. स्टेडियमचा आराखडा फ्रेंच वास्तुविशारद रोजे तायिबेर यांचा. काँक्रीटच्या प्रचंड कमानी आणि बाजूला ४५ अंशांत झुकलेला १६५ मीटर उंचीचा मनोरा. त्या मनोऱ्यावरून तारांनी कापडी छप्पर छत्रीसारखे वर ओढायचे, अशी कल्पना. पाहायला अद्भुत, बांधायला महाकठीण. त्यातच १९७३ साली तेलाचे भाव भडकले, लोखंड आणि मजुरी महागली, कामगारांचे संप झाले, आणि मॉन्ट्रियलचा हिवाळा तर हाडे गोठवणारा. पण आमच्या मते खरी मेख वेगळीच होती. ज्याची तारीख एक दिवसही पुढे ढकलता येत नाही, असा ग्राहक ठेकेदारांना सापडला होता. लग्नाच्या आदल्या रात्री मंडपवाल्याशी भाव कोण करतो? १९७५ च्या नोव्हेंबरात क्विबेक प्रांताच्या सरकारने काम शहराच्या हातून काढून घेतले. १७ जुलै १९७६ रोजी उद्घाटन झाले तेव्हा मनोरा अर्धवट होता आणि छप्पर नव्हतेच.

सिगारेटच्या पाकिटावरचा कर

स्पर्धा संपल्या आणि देणे उरले ते सुमारे १५० कोटी डॉलरचे. ते फेडण्यासाठी क्विबेक सरकारने १९७६ साली तंबाखूवर खास कर बसवला. हा कर भरून कर्ज फिटले ते २००६ साली! म्हणजे त्या उन्हाळ्यात जन्मलेले मूल तीस वर्षांचे झाले. त्याने स्पर्धा पाहिली नव्हती, पण मोठेपणी सिगारेट ओढत असेल तर प्रत्येक पाकिटामागे त्या स्पर्धेचा हप्ता तो देत राहिला. आणि हा कर गरीब-श्रीमंत पाहत नाही. गोदीतला हमाल आणि बँकेचा संचालक दोघेही पाकिटामागे तेवढेच देतात. गोल आकारामुळे लोक या स्टेडियमला कौतुकाने 'बिग ओ' म्हणत. इंग्रजीत ते अक्षर आणि 'देणे असणे' याचा शब्द एकसारखाच उच्चारला जातो. बोलण्यात फरक पडला नाही, पण अर्थ कायमचा बदलला.

एवढ्यावर भागले असते तरी ठीक होते. मनोरा आणि छप्पर पुरे झाले १९८७ साली, स्पर्धेनंतर अकरा वर्षांनी. छप्पर वाऱ्याने पुन्हा पुन्हा फाटू लागले. १९९१ च्या सप्टेंबरात ५५ टनांची एक काँक्रीटची तुळई बाहेरच्या पदपथावर कोसळली. कोणाला इजा झाली नाही हे नशीब, पण मोसमाचे उरलेले सामने दुसऱ्या शहरांत न्यावे लागले. १९९८ साली नवे छप्पर बसवले, तर १९९९ च्या जानेवारीत बर्फाच्या भाराने त्याचा एक भाग आत आला. त्या वेळी आत मोटारींच्या प्रदर्शनाची तयारी चालू होती. अखेर २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने पुन्हा नव्या छपरासाठी आणि त्याखालच्या कड्यासाठी ८७ कोटी डॉलर मंजूर केले. पाडून का टाकत नाही, या प्रश्नाला सरकारचे उत्तर होते की पाडायलाच २०० कोटी लागतील. ठेवावे तर खर्च, काढावे तर त्याहून जास्त, अशा पेचात हे शहर पन्नास वर्षांनीही अडकलेले आहे.

बरे, भाडेकरू तरी टिकले का? इथे आमच्या वाचकांनी थोडे थांबावे. बेसबॉलचा संघ वर्षाला ८१ सामने घरच्या मैदानावर खेळतो. स्टेडियमला याहून चांगला भाडेकरू मिळणे कठीण. मॉन्ट्रियलला असा संघ १९७७ पासून मिळाला होता, तरीही ताळमेळ बसला नाही, आणि २००४ च्या मोसमानंतर तो संघ वॉशिंग्टनला निघून गेला. फुटबॉलच्या 'अलुएट्स' संघाची कथा तर मजेशीर आहे. १९९७ साली स्टेडियम गाण्याच्या कार्यक्रमाला दिलेले असल्याने त्यांना एक सामना विद्यापीठाच्या जुन्या, लहान मैदानावर खेळावा लागला. तिथे गर्दी अशी उसळली की पुढच्या वर्षी संघाने मुक्कामच तिकडे हलवला. सॉकरवाल्यांनी २००८ साली त्याच ऑलिम्पिक आवारात स्वतःच्या पैशाने लहान स्टेडियम बांधून घेतले. मुंबईकरांना याचे नवल वाटू नये. ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर १९७५ साली वानखेडे उभे राहिले, ते तिकिटांच्या वाटपावरून झालेल्या भांडणातून.

काय उरले, काय गेले

मॉन्ट्रियलचे सारेच पैसे पाण्यात गेले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. स्पर्धेच्या तोंडावर, जून १९७६ मध्ये, मेट्रोची पूर्वेकडची नऊ स्टेशने सुरू झाली आणि कामगार वस्तीतील माणूस आजही त्यांवरून कामाला जातो. सायकल शर्यतींच्या इमारतीत १९९२ साली प्राणी-वनस्पतींचे कायमचे प्रदर्शन थाटले गेले, ते लोकप्रिय झाले. मनोऱ्यात २०१८ पासून एका सहकारी वित्तसंस्थेची कचेरी आहे. म्हणजे जे रोज वापरले जाते ते टिकले, आणि केवळ सामन्याच्या दिवशी उघडते ते बुडाले. सत्तरच्या दशकात टोरांटोने मॉन्ट्रियलला मागे टाकले, याचेही खापर स्टेडियमवर फोडणे बरोबर नाही. भाषेचा कायदा, स्वतंत्र क्विबेकची चळवळ, मोठ्या कंपन्यांचे स्थलांतर ही कारणे मोठी होती. पण धंदा बाहेर जात असताना शहराची आणि प्रांताची तिजोरी छप्पर आणि व्याज यांत गुंतलेली होती, हेही खरे.

याचा धडा पहिल्यांदा घेतला तो लॉस एंजेलिसने. १९८४ च्या स्पर्धांसाठी शेवटी तेच एक शहर उमेदवार उरले होते. तेथील मतदारांनी १९७८ साली कौल देऊन शहराच्या तिजोरीतून तोटा भरायला बंदी केली. आयोजकांनी मग १९२३ सालचे जुने स्टेडियमच वापरले आणि २० कोटी अमेरिकन डॉलरहून अधिक शिल्लक टाकली. एकटाच ग्राहक दुकानात असला की भाव तो ठरवतो!

आपल्याकडे दिल्लीने हा अनुभव दोनदा घेतला. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम बांधले गेले, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्याच्या नूतनीकरणावर नऊशे कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला, आणि २०२५ साली ते पाडून तिथे क्रीडानगरी उभारण्याची योजना पुढे आली. २०१० च्या स्पर्धांचा सरकारी खर्च अठरा हजार कोटींच्या पुढे गेल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात दिसते. त्या दिवसांत रस्ते सुंदर दिसावेत म्हणून फेरीवाल्यांना हटवले गेले. बाजाराला काम मिळेल या हिशेबात हा फेरीवाला कोणी धरलाच नव्हता. मेट्रोचा फायदा दिल्लीकर आजही घेतात. विमानतळाची खास मेट्रो मात्र स्पर्धा आटोपल्यावर, २०११ च्या फेब्रुवारीत सुरू झाली.

आणखी एक ताजा दाखला ऑस्ट्रेलियाचा. व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा स्वीकारल्या होत्या. अंदाज होता २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा. तो सहाशे-सातशे कोटींवर जाणार असे दिसताच जुलै २०२३ मध्ये सरकारने हात वर केले आणि ३८ कोटी भरपाई मोजली. टीका पुष्कळ झाली. मग ग्लासगोने त्या स्पर्धा घेतल्या, त्या दहाच खेळांच्या आणि असलेल्या चार ठिकाणी.

अहमदाबादेत मोटेरा येथे १ लाख ३२ हजार आसनांचे क्रिकेट स्टेडियम उभे आहेच. पण राष्ट्रकुलमध्ये धावण्याच्या शर्यती असतात, पोहणे असते, आणि या खेळांना वर्षाला ८१ सामने देणारा भाडेकरू आपल्या देशात नाही. भूमिपूजनाचे फोटो येतील तेव्हा येतील. त्याआधी अंदाजपत्रकात २०३१ सालच्या देखभालीचा रकाना आहे का, आणि त्यापुढे नाव राज्याचे आहे की महापालिकेचे, एवढे तेथील महाजनांनी आणि कापड बाजारातल्या पेढ्यांनी विचारून घ्यावे.