शिशाचा हिशेब

शिसे हा धातू आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. मोटारीच्या बॅटरीत तो असतो, कोळ्यांच्या जाळ्याला ओझे म्हणून तो लावतात, जुन्या भांड्याला डाख देणारा कारागीर तो कथलाबरोबर वितळवतो. गंमत अशी की ज्या शिसपेन्सिलीच्या नावातच तो बसला आहे, तिच्यात तो औषधालाही नसतो. तिथे असते ग्रॅफाइट. आज ज्या शास्त्रज्ञाविषयी बोलायचे आहे, त्याचे सारे आयुष्य याच प्रश्नात गेले : शिसे कुठे आहे, किती आहे, आणि ते तिथे आले कोठून?

क्लेअर पॅटरसन हे त्याचे नाव. जन्म १९२२ चा, अमेरिकेतील आयोवा राज्यातला. शिक्षण रसायनशास्त्राचे. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पात त्याला ओक रिज येथे काम मिळाले, आणि तिथे त्याची गाठ ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ या यंत्राशी पडली. युद्ध संपल्यावर तो शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी गेला, तोही या यंत्राची ओढ घेऊनच.

हे यंत्र करते काय? खळ्यावर धान्य उपणताना आपण पाहतो, वारा एकच असतो, पण भुसा लांब उडतो आणि दाणा पायाशी पडतो. हलक्याभारीची निवड वारा करतो. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये वाऱ्याच्या जागी लोहचुंबक असते आणि दाण्यांच्या जागी अणू. वेगाने धावणारे अणू चुंबकाच्या क्षेत्रातून जाताना वळतात. हलका अधिक वळतो, जड कमी. कोणत्या वळणावर किती अणू आले ते मोजले की झाले. अडचण एकच. अणूवर विद्युत्भार नसेल तर चुंबक त्याला ढिम्म हलवू शकत नाही. म्हणून आधी अणूतील एक इलेक्ट्रॉन काढून घ्यावा लागतो, म्हणजे त्याचा आयन करावा लागतो.

तो काढण्याची एक रीत फार सोपी वाटते. दिव्यात असते तशी टंगस्टनसारख्या धातूची तार घ्यायची, तिच्यावर नमुन्याचा थेंब वाळवायचा आणि तार तापवून लाल करायची. तापलेल्या पृष्ठभागावरून अणू उडून जातो, पण जाताना कधी कधी आपला एक इलेक्ट्रॉन तारेकडेच सोडून जातो. हे पृष्ठ-आयनीकरण. सीझियमच्या बाबतीत ते १९२३ साली लँगम्यूर आणि किंगडन यांनी दाखवले. तप्त वायूत किती अणू आयन होतात, याचे गणित आपल्या मेघनाद साहांनी १९२० मध्येच ताऱ्यांच्या संदर्भात मांडले होते. तप्त पृष्ठभागाचे गणित त्याच घराण्यातले, म्हणून त्या समीकरणाला साहा-लँगम्यूर हे जोडनाव मिळाले. सगळे अणू मात्र सारखे उदार नसतात. सीझियम इलेक्ट्रॉन चटकन सोडतो : त्यासाठी लागतात जेमतेम ३.९ व्होल्ट, आणि टंगस्टनची ओढ आहे सुमारे ४.५ व्होल्टची. शिसे मागते ७.४! साहजिकच शिशाचे बहुतेक अणू इलेक्ट्रॉन न सोडताच निसटतात. पुढे, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तारेवर सिलिका जेल आणि फॉस्फोरिक आम्ल यांचा लेप देण्याची युक्ती निघाली आणि हे काम पुष्कळ सुकर झाले. पॅटरसनने सुरुवात केली तेव्हा ही सोय नव्हती.

आणि मोजायचे शिसेही थोडेथोडके अवघड नव्हते. शिशाचे चार समस्थानिक आहेत : २०४, २०६, २०७ आणि २०८. पैकी २०४ हा मूळचा, त्याच्यात भर पडत नाही. २०६ आणि २०७ यांच्यात मात्र युरेनियमच्या दोन प्रकारांचे विघटन होऊन सतत भर पडत असते. एका युरेनियमला निम्मे व्हायला ४४७ कोटी वर्षे लागतात, दुसऱ्याला अवघी ७० कोटी. एकाच वेळी उलटी केलेली वाळूची दोन घड्याळे समजा, एक संथ आणि एक घाईचे. दोहोंत साचलेल्या वाळूचे प्रमाण पाहिले की ती केव्हा उलटी केली ते सांगता येते. ब्राउन यांची कल्पना अशी की अशनींतील, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांतील शिशावरून पृथ्वीचेच वय काढावे. दोघे एकाच वेळी घडले असणार, हे त्यामागचे गृहीत.

कामाची वाटणी झाली. सहकारी जॉर्ज टिल्टनने युरेनियम मोजायचे, पॅटरसनने शिसे. सरावासाठी ज्यांचे वय आधीच माहीत होते असे खडक घेतले. टिल्टनचे आकडे बरोबर आले. पॅटरसनचे मात्र अपेक्षेच्या कितीतरी पट जास्त! पुन्हा मोजले, पुन्हा तेच. दुसरा कोणी असता तर त्याने यंत्राला दोष दिला असता. पॅटरसनने संशय घेतला तो खोलीवर. नळाच्या पाण्यात शिसे, काचेच्या भांड्यात शिसे, भिंतीच्या रंगात शिसे, विकत आणलेल्या आम्लात शिसे, हवेतल्या धुळीत शिसे, आणि त्याच्या स्वतःच्या केसांत व कातडीवरही शिसे. खडकातले शिसे त्या गर्दीत बुडून जात होते.

मग सोवळे सुरू झाले. दुसरा शब्द मला सुचत नाही. आम्ले पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायची, भांडी उकळत्या आम्लात घालायची, फरशी पुसत राहायची. १९५२ मध्ये तो कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, कॅलटेकमध्ये, गेला. तिथे गाळलेल्या हवेची खास प्रयोगशाळा त्याने बांधून घेतली. आपल्या सोवळ्यात आणि या सोवळ्यात फरक एवढाच की याचा विटाळ मोजता येत होता : नमुना न घालताच सारी क्रिया करायची आणि शेवटी किती शिसे हाती लागते ते पाहायचे. तो आकडा उतरत गेला तसा त्याचा जीव भांड्यात पडत गेला.

१९५३ साली कॅन्यन डायब्लो या अशनीचा शुद्ध केलेला नमुना घेऊन तो शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत मार्क इंग्रॅमच्या यंत्रावर गेला. हा अशनी म्हणजे ज्याने ॲरिझोनात प्रचंड विवर पाडले त्याचाच तुकडा; आपले लोणार अशाच आघाताचे आहे. या लोहअशनीतील गंधकयुक्त खनिजात युरेनियम जवळजवळ नाहीच. म्हणजे त्यातले शिसे जन्मले तेव्हा होते तसेच राहिलेले. हाच हिशेबाचा आरंभीचा शिल्लक आकडा! दगडी अशनींत त्यावर किती भर पडली ते पाहिले की वय निघते. समुद्रतळाच्या गाळातले शिसेही त्याच रेषेवर बसले, आणि पृथ्वी त्याच कुटुंबातली ठरली. १९५६ मध्ये त्याने आकडा प्रसिद्ध केला : ४५५ कोटी वर्षे, सात कोटी इकडे किंवा तिकडे. १९४० च्या दशकात होम्स यांनी काढलेला अंदाज ३३५ कोटींच्या आसपास होता. पॅटरसनचा आकडा आजही जवळजवळ तसाच उभा आहे. मोजणीनंतर तो आयोवात आईकडे गेला तेव्हा त्याला इतका उद्वेग झाला होता की हृदयविकाराचा झटका आला असे वाटून त्याने आपल्याला इस्पितळात न्यायला सांगितले.

इथे एखाद्याने विश्रांती घेतली असती. पण पॅटरसनच्या डोक्यात तो विटाळ घोळत होता. एवढे शिसे हवेत येते कोठून? त्याने समुद्राचे पाणी तपासले. खोल पाण्यापेक्षा वरच्या पाण्यात शिसे कितीतरी अधिक निघाले. म्हणजे ते अलीकडचे, वरून पडलेले. ग्रीनलंडच्या बर्फात तर वर्षावर्षांचे थर असतात, एखाद्या किर्दवहीसारखे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते थर खणून काढले. निष्कर्ष १९६९ मध्ये छापले. ख्रिस्तपूर्व ८०० च्या सुमाराच्या बर्फापेक्षा १९६५ च्या सुमाराच्या बर्फात शिसे दोनशे पटींहून अधिक होते. मोठा वाटा पेट्रोलचा. इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळून विकत असत.

१९६५ मध्ये त्याने तसे स्पष्ट लिहिले, आणि उद्योगाशी वैर ओढवून घेतले. तेलउद्योगाकडून संशोधनाला मिळणारा पैसा थांबला. समोर होते डॉक्टर रॉबर्ट किहो, शिसे-पेट्रोल बनवणाऱ्या कंपनीचे वैद्यकीय सल्लागार. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, म्हणून या वादात मला विशेष गोडी आहे. किहो यांचे म्हणणे असे : शिसे सर्वांच्याच शरीरात असते, मोटारी नसलेल्या मेक्सिकन खेडुतांच्याही, म्हणून ते नैसर्गिक, आणि एका मर्यादेपर्यंत निरुपद्रवी. पॅटरसनने बोट ठेवले ते ‘म्हणून’ या शब्दावर. सर्वांकडे आहे म्हणजे नेहमीचे आहे, एवढेच सिद्ध होते. नैसर्गिक आहे असे नव्हे. मेक्सिकोतले लोक तर शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांतून जेवत होते! ज्याच्याशी तुलना करायची तोच माणूस आधी शिशाने माखलेला असेल तर तुलना कसली? जी चूक प्रयोगशाळेत त्याला दिसली होती, तीच आता सबंध देशाच्या आरोग्याच्या मोजणीत होती. १९६६ मध्ये सिनेटर मस्की यांच्या समितीपुढे दोघांच्याही साक्षी झाल्या.

निकाल लगेच लागला नाही. १९७१ मध्ये हवेतील शिशावर अहवाल करणाऱ्या राष्ट्रीय मंडळात पॅटरसनला जागाच दिली नाही. या विषयातला सर्वांत जाणता माणूस बाहेर! १९७८ च्या मंडळात घेतले, तेव्हा त्याने आपले वेगळे मत स्वतंत्रपणे लिहून जोडले. १९८० मध्ये त्याने आणि डोरोथी सेटलने ट्यूना मासा तपासला : डाख दिलेल्या डब्यातल्या माशात ताज्यापेक्षा हजारो पट शिसे. हा फरक इतर प्रयोगशाळांच्या नजरेतून निसटला होता, कारण त्यांच्या खोलीतलेच शिसे ताज्या माशाच्या खात्यावर चढत होते.

अमेरिकेत १९७० च्या दशकात शिसेविरहित पेट्रोल येऊ लागले. १९७६ ते १९९१ या काळात तिथल्या लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे दर डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅमवरून २.८ वर आले. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी संपूर्ण बंदी १ जानेवारी १९९६ ची. पॅटरसन त्याआधी महिनाभरच, डिसेंबर १९९५ मध्ये वारला. आपल्याकडे १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० साली ते देशभर झाले. जगात सर्वांत शेवटी ते अल्जीरियाने २०२१ मध्ये सोडले.

ग्रीनलंडच्या बर्फाची मोजणीही पुन्हा झाली. १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली, क्लॉड बुत्रोँ आणि सहकाऱ्यांची. मागच्या वीसेक वर्षांत पडलेल्या हिमातले शिसे साडेसात पटींनी उतरलेले होते.